फ्रीझर केवढा घ्यावा?

जिल्हज्जचा महिना जवळ आला की घरोघरी कुरबानीसंबंधीचे प्रश्न निघू लागतात. जनावराचे वय किती असावे, कोणते व्यंग चालते आणि कोणते चालत नाही, कुरबानी कोणावर वाजिब आहे, या प्रश्नांची उत्तरे उलेमांनी वेळोवेळी दिलेली आहेत. नागपूरला लागून असलेल्या वाडीत एका परिचित गृहस्थांनी मात्र मला निराळाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “कुरबानीचे मांस ठेवण्यासाठी डीप फ्रीझर घ्यायचा आहे. शंभर लिटरचा पुरेल की तीनशे लिटरचा घेऊ?”

मी हसून म्हणालो, “हे दुकानदाराला विचारा.” घरी परतताना मात्र हे उत्तर मनाला खुपू लागले. दुकानदार पेटीचा आकार सांगेल, किंमत सांगेल, विजेचे बिल किती येईल तेही सांगेल. पण त्या पेटीत ठेवायचे मांस किती, हे तो सांगू शकत नाही. ते ठरवायचे तर आधी कुरबानीच्या मांसात आपला वाटा किती, हे ठरवावे लागते. आणि हा प्रश्न बाजाराचा नाही, ईमानाचा आहे. म्हणून वाचकहो, त्या गृहस्थांना जे उत्तर तेव्हा द्यायला हवे होते, ते या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे.

जेव्हा मांस टिकत नव्हते

ज्या काळी घरात बर्फ नव्हता आणि वीजही नव्हती, त्या काळी मांसाला स्वतःचीच एक मुदत होती. वाडीवरून जो अमरावती मार्ग जातो, त्याच मार्गावर पुढे कोंढाळीचे रान लागते. शिकारीला कायद्याने बंदी नव्हती, तेव्हाच्या गोष्टी विदर्भातील जुनी माणसे अजूनही सांगतात. शिकार घरी आली की रात्रीच वाटे पडत. शेजाऱ्याचा वाटा, ज्याने हाकारा केला त्याचा वाटा, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचा वाटा. सकाळपर्यंत ठेवले तर मांस वाया जाईल, हे सर्वांना ठाऊक असे. थोडेफार मांस मीठ-हळद लावून दोरीवर वाळवले जाई. बाकीचे सूर्य उगवण्यापूर्वी दुसऱ्यांच्या घरी पोहोचलेले असे.

या आठवणी ऐकताना आपण म्हणतो, किती उदार लोक होते ते! असतीलही. परंतु एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. ती उदारता मनाची होती की हवामानाची? जे ठेवता येत नाही ते देऊन टाकणे आणि जे ठेवता येते तरीही देणे, या दोहोंत अंतर आहे. पूर्वीच्या माणसाला उन्हाने दानशूर केले असेल. फ्रीझरने आपल्यावरची ती सक्ती उठवली आहे. आता देणे किंवा न देणे हे केवळ आपल्या मनावर अवलंबून आहे. त्या अर्थाने आपली परीक्षा आपल्या आजोबांच्या परीक्षेपेक्षा कठीण आहे.

शिकारीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. इस्लामने अन्नासाठी शिकारीची परवानगी दिली, तिचे नियमही घालून दिले. अल्लाहचे नाव घ्यावे, शिकवलेल्या जनावराने धन्यासाठी धरलेली शिकार खावी, केवळ खेळ म्हणून जीव घेऊ नये आणि इहरामच्या अवस्थेत जमिनीवरील शिकार करू नये. आपल्या देशात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार करणे व त्यांचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवला आहे. ज्या देशाचे आपण नागरिक आहोत त्याचा हा कायदा पाळणे आपले कर्तव्य आहे, आणि तो पाळल्याने आपले कोणतेही धार्मिक कर्तव्य अडत नाही. तेव्हा रानातून कोणी गुपचूप आणून दिलेल्या मांसाला आपल्या फ्रीझरमध्ये जागा नाही, हा विषय इथेच संपतो.

परंतु शिकारीसंबंधी कुरआनात जे म्हटले आहे, त्यातील एक गोष्ट फ्रीझरलाही लागू पडते. सूरह अल-माइदाच्या ९४ व्या आयतीत ईमानधारकांना सांगितले आहे की, हात आणि भाले सहज पोहोचतील अशा शिकारीद्वारे अल्लाह तुमची परीक्षा घेईल, जेणेकरून त्याला न पाहता त्याचे भय बाळगणारा कोण, हे उघड व्हावे. इहराममधील माणसाच्या अगदी हाताशी शिकार येते, पाहणारा कोणी नसतो, आणि तरीही तो हात आवरतो. परीक्षा दूरच्या वस्तूची नसते, हाताशी असलेल्या वस्तूची असते. झाकण लावलेल्या पेटीत काय आहे हे शेजाऱ्याला दिसत नाही, नातलगांना दिसत नाही, मशिदीतील सोबत्यांना दिसत नाही. फक्त अल्लाहला दिसते.

तीन दिवसांची मर्यादा

मांस साठवणे हे मुळातच वाईट आहे काय? नाही. ईदनंतरच्या ज्या दिवसांना आपण ‘अय्याम-ए-तशरीक’ म्हणतो, त्या नावाचा एक प्रसिद्ध अर्थच मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवणे हा आहे. म्हणजे मांस टिकवण्याची खटपट त्या दिवसांच्या नावातच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात कुरबानी केली आणि हजरत सौबान (रजि.) यांना ते मांस नीट तयार करून ठेवण्यास सांगितले. मदीनेला पोहोचेपर्यंत ते त्यातूनच प्रेषितांना (स.) खाऊ घालीत राहिले. ही हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे.

मात्र त्याच प्रेषितांनी (स.) एका वर्षी निराळा आदेश दिला होता. हजरत सलमा बिन अकवा (रजि.) यांची हदीस ‘सहीह बुखारी’त आहे. त्या वर्षी सांगण्यात आले की, ज्याने कुरबानी केली आहे त्याच्या घरात तिसऱ्या रात्रीनंतर त्यातील काहीही उरू नये. पुढच्या वर्षी सहाबांनी (रजि.) विचारले, “गेल्या वर्षीप्रमाणेच करायचे का?” तेव्हा प्रेषितांनी (स.) खाण्याची, खाऊ घालण्याची आणि साठवण्याचीही परवानगी दिली आणि कारण सांगितले. त्या वर्षी लोक कष्टात होते आणि तुम्ही त्यांना हातभार लावावा, अशी प्रेषितांची (स.) इच्छा होती.

ते कष्टात असलेले लोक कोण होते, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या ‘सहीह मुस्लिम’मधील हदीसवरून कळते. ईदच्या सुमारास वाळवंटातील काही गरीब लोक मदीनेला आले होते. त्यांच्यासाठी ‘दाफ्फा’ हा शब्द आला आहे. ‘दाफ्फा’ म्हणजे थकलेल्या, संथ पावलांनी येणारा जथा. त्या जथ्यासाठी घराघरांतील साठे तीन दिवसांत मोकळे करायला सांगितले गेले.

या आदेशाची रचना पाहण्यासारखी आहे. ‘अमुक इतके किलो दान करा’ असे म्हटलेले नाही. ‘उरू नये’ असे म्हटले आहे. किती दिले याचा हिशेब माणूस स्वतःच्या सोयीने मांडू शकतो. एक थैली देऊन ‘पुष्कळ दिले’ असे त्याला वाटू शकते. किती उरले, हा हिशेब मात्र खोटा मांडता येत नाही.

फिकहच्या दृष्टीने आज स्थिती अशी आहे. बहुसंख्य उलेमांच्या मते तीन दिवसांची मनाई रद्द झालेली आहे आणि मांस हवे तितके दिवस ठेवणे जायज आहे. हनफी मतानुसार तीन वाटे करणे, म्हणजे एक घरासाठी, एक नातलग व मित्रांसाठी, एक गरिबांसाठी, हे मुस्तहब आहे, वाजिब नाही. ज्याचे कुटुंब मोठे आणि ऐपत बेताची आहे त्याने सर्व मांस घरात ठेवले तरी त्याच्यावर गुन्हा नाही. नवस म्हणून मानलेल्या कुरबानीचे मांस मात्र संपूर्णपणे गरिबांचे असते. कुरबानीचे मांस विकता येत नाही आणि खाटकाची मजुरीही त्यातून देता येत नाही. हे नियम फ्रीझरमधल्या मांसालाही तसेच लागू राहतात. गोठवल्याने मांसाचे स्वरूप बदलते, हुकूम बदलत नाही.

परंतु इमाम शाफई (रह.) यांनी ‘अर-रिसाला’ या ग्रंथात या हदीसांची चर्चा करताना एक फार मोलाचा विचार मांडला आहे. मनाई ‘दाफ्फा’मुळे होती. तेव्हा जथा आला की मनाई परत येते, जथा नसेल तेव्हा परवानगी आहे. आपण कोणत्याही फिकहचे अनुयायी असू, हा विचार आपल्याला दार उघडून बाहेर पाहायला लावतो. फ्रीझर घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हा, की आपल्या गावात दाफ्फा आला आहे का?

वाडीतील दाफ्फा

ज्यांनी वाडी पाहिली आहे त्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागणार नाही. नागपूरच्या पश्चिमेचा हा दरवाजा आहे. एका बाजूला आयुध निर्माणीची वसाहत, दुसऱ्या बाजूला खडगाव रस्त्याकडे पसरलेली गोदामे, ट्रान्सपोर्टची कार्यालये आणि रात्रंदिवस उभे राहणारे ट्रक. देशाच्या चारही दिशांचा माल इथे उतरतो आणि चढतो. तो चढवणारे-उतरवणारे हमाल, चालक, क्लीनर, गोदामाच्या मागच्या खोल्यांत राहणारे मजूर यांतील कितीतरी जण आपले गाव सोडून आलेले असतात. त्यांच्यात मुसलमान आहेत आणि मुसलमान नसलेलेही आहेत. ईदच्या दिवशी नमाज पढून एखादा चालक पुन्हा ट्रकच्या केबिनमध्ये येऊन बसतो, कारण त्याचे घर हजार किलोमीटरवर असते. मदीनेला संथ पावलांनी आलेला जथा आणि वाडीच्या रस्त्यावर थांबलेली ही माणसे यांत फरक एवढाच की, तो जथा ईदपुरता आला होता आणि हा बारा महिने इथेच आहे. २०२० च्या उन्हाळ्यात नागपूरच्या महामार्गांवरून आपापल्या गावांकडे पायी निघालेले मजूर आपण सर्वांनी पाहिले. तेव्हा अनेक घरांची दारे उघडली होती. मग सर्व सुरळीत झाले आणि आपल्याला वाटले, जथा निघून गेला.

सूरह अल-हज्जच्या ३६ व्या आयतीत कुरबानीचे मांस स्वतः खाण्यास आणि दोन प्रकारच्या माणसांना खाऊ घालण्यास सांगितले आहे. एक ‘कानिअ’, म्हणजे जो आहे त्यात समाधान मानून गप्प बसतो. दुसरा ‘मुअतर्र’, जो गरज घेऊन समोर येतो. दारात आलेल्याला आपण देतोच. परंतु आयतीत गप्प बसणाऱ्याचा उल्लेख आधी आहे, आणि त्याला शोधायला आपल्यालाच जावे लागते. गोदामाच्या मागच्या खोलीत राहणारा माणूस आपल्या दारात कधीच येत नाही. हनफी मतानुसार कुरबानीचे मांस मुसलमानेतर शेजाऱ्यालाही देता येते. अर्थात देताना त्याच्या आवडीनिवडीचा आणि भावनेचा मान राखावा, विचारूनच द्यावे.

साठवण आणि साठेबाजी

इथे एखादा वाचक म्हणेल, “म्हणजे फ्रीझर घेऊच नये का? आमचे एकत्र कुटुंब आहे. मटणाचा भाव सामान्य माणसाला परवडत नाही. वर्षातून एकदा मुलांना पोटभर मिळते, तर त्यावरही बोट ठेवणार का?”

ही तक्रार रास्त आहे आणि तिला रास्त उत्तर द्यायला हवे. इस्लाम संन्यास शिकवत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची बेगमी करून ठेवीत, हे हजरत उमर (रजि.) यांच्या हदीसवरून सिद्ध आहे. सूरह यूसुफमध्ये दुष्काळाच्या तयारीसाठी धान्य कणसांसह ठेवण्याची युक्ती एका नबीनेच (अ.) सांगितली आहे. उद्याची तरतूद करणे म्हणजे अल्लाहवरील भरवसा सोडणे नव्हे. दोष साठवण्यात नाही. यूसुफ (अ.) यांनी साठवले ते इतरांना खाऊ घालण्यासाठी. साठेबाज साठवतो तो इतरांची गरज वाढावी म्हणून, आणि अशा साठेबाजाला हदीसमध्ये गुन्हेगार म्हटले आहे. आपण या दोघांपैकी कोणीच नसतो. आपण बहुधा तिसरेच असतो. केवळ जागा आहे म्हणून भरून ठेवणारे.

‘सहीह बुखारी’त याच विषयावरची आणखी एक हदीस आहे, जी वाचून मन हलते. हजरत आयशा (रजि.) यांना कोणीतरी विचारले, कुरबानीचे मांस तीन दिवसांहून अधिक ठेवण्यास मनाई होती का? त्यांनी सांगितले, लोक भुकेले होते त्या एकाच वर्षी ती होती. श्रीमंताने गरिबाला खाऊ घालावे हाच तिचा हेतू होता. एरवी आम्ही जनावराचे पाय उचलून ठेवीत असू आणि पंधरा दिवसांनी खात असू. विचारणाऱ्याने पुढे विचारले, अशी कोणती निकड होती? तेव्हा त्या हसल्या, आणि म्हणाल्या की, मुहम्मद (स.) यांच्या घरच्यांनी सलग तीन दिवस कालवणासह पोटभर गव्हाची भाकरी कधी खाल्ली नाही, ते अल्लाहला भेटेपर्यंत. वाचकहो, साठवणे जायज आहे याचा सर्वांत मोठा पुरावा ज्या घरातून आला, त्या घरात साठवण काय होती? पाय. म्हणजे वाटे पडून गेल्यावर जे मागे राहिले ते. परवानगी त्यांनी घेतली आणि उत्तम भाग दुसऱ्यांना दिला. आपण अनेकदा नेमके उलट करतो. मांड्या आणि चापा फ्रीझरमध्ये जातात, आणि थैलीत हाडे व चरबी भरून गरिबाचा वाटा काढला जातो.

आता हिशेब

आता त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. पंचवीस-तीस किलो वजनाच्या बोकडापासून हाडांसह साधारण बारा ते पंधरा किलो मांस निघते. तीन वाटे केले तर घराच्या वाट्याला चार-पाच किलो येते. त्यातील दीड-दोन किलो ईदच्या तीन दिवसांतच पाहुण्यांसह संपते. उरलेले तीन किलो साध्या दोन दारांच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात सहज मावते. शंभर लिटरच्या डीप फ्रीझरमध्ये चाळीसेक किलो मांस राहते. तीनशे लिटरची पेटी भरायची तर आठ-नऊ बोकडांचे अख्खे मांस लागेल, एकही वाटा बाहेर न देता. कायद्याने मान्य असलेल्या मोठ्या जनावरात सातवा हिस्सा घेतला, तरी तिसऱ्या वाट्याचा हिशेब फार तर सहा-सात किलोपर्यंत जातो. मग तीनशे लिटरची पेटी कोणाच्या वाट्यासाठी घ्यायची?

रिकामी जागा माणसाला शिकवते, हे लक्षात ठेवावे. घरात मोठी पेटी आली की मन आपोआप तिला भरायचा विचार करते. पेटीने वाटा ठरवू नये, वाट्याने पेटी ठरवावी.

जे काही ठेवायचे ते मात्र नीट ठेवावे, कारण वाया घालवणे हाही नेमतीचा अनादर आहे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, आणि आता काही वर्षे ती विदर्भाच्या ऐन उन्हाळ्यात, नवतपाच्या आसपास आणि त्याही आधी येत राहील. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मांस तासाभराहून अधिक उघड्यावर राहू देऊ नये. ताजे मांस लगेच गोठवले तर ते निबर होते. म्हणून आधी काही तास फ्रिजच्या थंड कप्प्यात ठेवावे. मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करून, हवा काढून, तारीख लिहून गोठवावे. तापमान उणे १८ अंश असावे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते एवढेच. म्हणून एकदा पूर्ण वितळलेले मांस पुन्हा गोठवू नये. खिमा आणि कलेजी तीन-चार महिन्यांत, बाकीचे मांस सहा महिन्यांच्या आत संपवावे. वीज गेली तर झाकण उघडू नये. भरलेली पेटी सुमारे दोन दिवस, अर्धी भरलेली सुमारे एक दिवस थंडी धरून राहते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. पेटी वरून उघडणारी असली तर थंड हवा कमी बाहेर पडते. तिच्या मागे आणि बाजूंना वारा खेळेल इतकी जागा सोडावी.

‘माऊन’ म्हणून फ्रीझर

एवढा हिशेब झाल्यावर मी म्हणेन, शंभर लिटरचा फ्रीझर अवश्य घ्या. परंतु स्वतःसाठी नव्हे.

गरिबाच्या घरी ईदच्या दिवशी काय होते, याचा आपण कधी विचार केला आहे का? दुपारपर्यंत त्याच्याकडे आठ घरांतून आठ थैल्या येतात. खोलीत फ्रिज नाही, वर पत्रा तापलेला आहे. जितके शिजवता येते तितके तो शिजवतो. उरलेले संध्याकाळपर्यंत बिघडते. पंधरा दिवसांनी त्याच्या मुलांनी मांस मागितले तर एकही थैली येत नाही. आपण सर्वांनी दिले, आणि तरीही त्याला एकाच दिवसाचे मिळाले. जे साधन आपल्या वाट्याला पंधरा दिवसांची, महिन्याची मुदत देते, ते त्याच्या वाट्याला का देऊ नये?

सूरह अल-माऊनमध्ये ज्यांच्या नमाजला धिक्कारले आहे, त्यांच्या दोषांपैकी शेवटचा दोष हा, की ते ‘माऊन’ नाकारतात. ‘माऊन’ म्हणजे शेजाऱ्याने मागितल्यास द्यायच्या साध्या घरगुती वस्तू, जसे भांडे, कुऱ्हाड, बादली. आजच्या काळात फ्रीझरचा एक कप्पा हाही माऊनच आहे. वाडीसारख्या वस्तीत चार घरांनी मिळून एक पेटी घ्यावी, किंवा मशिदीच्या समितीने ती घ्यावी. ज्या घरी फ्रिज नाही त्यांचा वाटा त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून तिथे ठेवावा. तो आता दान नसतो, त्यांची अमानत असते. त्यांनी हवा तेव्हा यावे आणि आपली वस्तू घेऊन जावे. मागणाऱ्यासारखे हात पसरून नव्हे, मालकासारखे नाव सांगून. ईदला ज्याचा ट्रक रस्त्यात होता, त्याच्या नावाचीही एक चिठ्ठी त्यात असावी. असा फ्रीझर हवामानाने नाही, माणसांनी केलेल्या वाटपाचा असेल.

हे सर्व उपदेश म्हणून लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे मान्य करून एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी ईदच्या आठवडाभर आधी नव्या कुरबानीसाठी जागा करावी म्हणून मी घरातील फ्रीझर रिकामा करायला काढला. तळाशी सहा पिशव्या निघाल्या. प्रत्येकीवर आदल्या वर्षीच्या ईदची तारीख माझ्याच अक्षरात होती. मांस पांढुरके पडले होते, कडा वाळल्या होत्या. घरच्यांनी हातात घेऊन पाहिले आणि म्हटले, “हे आता खाण्याजोगे राहिले नाही.” तीन किलो मांस मी कुत्र्यांना घातले. तेव्हा आठवले, ज्या संध्याकाळी मी या पिशव्या भरत होतो, त्या संध्याकाळी भांडी घासणारी बाई दाराशी आली होती. तिचा वाटा सकाळीच गेला होता, पण तिच्याकडे गावाहून बहीण आली होती. मी आतूनच म्हणालो होतो, “आता काही उरले नाही.” माझ्या हातात तेव्हा पिशवी होती.

तिने ते पाहिले नाही. दार आणि झाकण, दोन्ही बंद होते.

हजरत आयशा (रजि.) यांचीच एक हदीस ‘तिर्मिजी’मध्ये आहे. घरी बकरी कापली गेली होती. प्रेषितांनी (स.) विचारले, काय उरले? त्या म्हणाल्या, खांद्याखेरीज काही उरले नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, खांद्याखेरीज सर्व उरले आहे. जे दिले ते अल्लाहकडे जमा झाले. जे घरात राहिले तेच तेवढे संपणारे होते. मी दाराआडून त्या बाईला जे खोटे सांगितले, ते वर्षभराने खरे ठरले. माझ्याजवळ काही उरले नाही.

सूरह अल-हज्जच्या ३७ व्या आयतीचा आशय आपण दर ईदला ऐकतो. अल्लाहपर्यंत ना मांस पोहोचते ना रक्त, पोहोचतो तो तुमचा तकवा. मांस तिथे पोहोचत नाही, ते इथेच राहते. कोणाच्या तरी ताटात, किंवा कोणाच्या तरी पेटीच्या तळाशी. ते कुठे राहिले, यावरून तकवा पोहोचला की नाही हे ठरते.

तेव्हा, वाडीच्या त्या बंधूंना माझे उशिरा सुचलेले उत्तर असे आहे. फ्रीझर शंभर लिटरचा घ्या. तुमच्या वाट्याला त्याचा एक कोपरा पुरेल. उरलेली जागा त्यांची समजा, ज्यांच्या घरी तो नाही. आणि पुढच्या जिल्हज्जचा चंद्र दिसण्यापूर्वी एकदा तळापर्यंत हात घालून पाहा.

अल्लाह आपल्या कुरबानीचा स्वीकार करो, आपल्या घरांत बरकत देवो, आणि जे आपल्या हाताशी आहे त्यातून दुसऱ्याचा वाटा ओळखण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.